मुगाबेंची प्रत्येक मुदतवाढ झिम्बाब्वेच्या तिजोरीने फेडली. पटतं का?

माळरान
झिम्बाब्वेचे रॉबर्ट मुगाबे १९८० पासून, आधी पंतप्रधान आणि मग अध्यक्ष म्हणून, सलग सत्तेत होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये लष्कराने उतरवलं तेव्हा वय ९३. देशाच्या वाताहतीचं खापर दुष्काळ, निर्बंध आणि गोरे शेतकरी यांच्यावर फुटतं. पण तारखा शेजारीशेजारी मांडून बघा, मोठे धक्के खुर्ची हलल्यावर बसलेत. १९९७ मध्ये गोऱ्यांच्या राजवटीविरुद्धच्या मुक्तिसंग्रामातले माजी सैनिक रस्त्यावर उतरले. सुमारे ५०,००० जणांना प्रत्येकी ५०,००० झिम्बाब्वे डॉलर रोख आणि महिना २,००० निवृत्तिवेतन कबूल केलं, बजेटमध्ये तरतूद नसताना. १४ नोव्हेंबरला एका दिवसात चलन ७० टक्क्यांच्या वर घसरलं. पुढच्या वर्षी काँगोच्या युद्धात फौज पाठवली. फेब्रुवारी २००० मध्ये नव्या घटनेवरचं सार्वमत हरले आणि त्याच महिन्यात गोऱ्यांच्या शेतांवर ताबे मारणं सुरू झालं.

तिकोना
असहमत. जमिनीचा प्रश्न सत्तेसाठी उकरून काढलेला नव्हता. स्वातंत्र्याआधी लंडनमध्ये झालेल्या १९७९ च्या लँकेस्टर हाउस करारातून आलेल्या घटनेने दहा वर्षं सरकारचे हात बांधले होते: मालक राजी असेल तरच खरेदी, तीही बाजारभावाने. २००० मध्ये साधारण साडेचार हजार मोठ्या गोऱ्या शेतकऱ्यांकडे देशातली चांगल्यातली बरीचशी जमीन होती. १९९७ मध्ये ब्रिटनच्या मंत्री क्लेअर शॉर्ट यांनी जमीनखरेदीची खास जबाबदारी आमची नाही असं लेखी कळवलं. कोणताही नेता असता तरी हे कधीतरी फुटणारच होतं. आणि जमिनीच्या वाटपाने शेती कायमची बुडाली हेही खोटं. तंबाखू २००० मध्ये सुमारे २३ कोटी किलो होता, २००८ मध्ये पाच कोटींच्या खाली गेला, पण २०१८ मध्ये २५ कोटींच्या वर आला. त्यातला मोठा वाटा छोट्या शेतकऱ्यांचा.

हिशेबनीस
तिकोना, जमिनीचं मान्य. पण नोटांचं काय? तिथे ब्रिटन नव्हतं. २००३ च्या अखेरीस गिडिअन गोनो रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले आणि सरकारचा खर्च बजेटबाहेरून बँकच करू लागली: ट्रॅक्टर, डिझेल, खतं, सत्ताधारी पक्षाच्या लोकांना स्वस्त कर्जं. पैसा कसा मुरायचा ते नीट बघा. अमेरिकी डॉलरचा सरकारी दर बाजारभावाच्या कितीतरी खाली बांधलेला. ज्याची वर ओळख तो सरकारी दराने डॉलर उचलणार, रस्त्यावर विकणार, आलेल्या नोटांच्या थोड्याशा भागात पुन्हा सरकारी डॉलर घेणार. शेत नको, कारखाना नको. ज्यांच्या जिवावर खुर्ची टिकते त्यांना पगाराऐवजी हा दर दिला होता, म्हणूनच तो सुधारणं परवडत नव्हतं.

त्या काळातल्या 'बेअरर चेक' नावाच्या तात्पुरत्या नोटा हातात घेऊन पाहिल्यात तर त्यांवर मुदत संपण्याची तारीख छापलेली दिसेल. ऑगस्ट २००६ मध्ये तीन शून्यं काढली, ऑगस्ट २००८ मध्ये दहा, फेब्रुवारी २००९ मध्ये बारा. जुलै २००८ चा अधिकृत महागाई दर २३ कोटी टक्के. त्याच्या आदल्या वर्षी दुकानदारांना किमती निम्म्यावर आणायचा हुकूम दिला होता. विकून आलेल्या पैशात माल पुन्हा भरता येईना, काही आठवड्यांत फळ्या रिकाम्या.

तिकोना
निर्बंध वगळून हे चित्र अर्धवट राहतं. डिसेंबर २००१ च्या अमेरिकी कायद्याने जागतिक संस्थांच्या नव्या कर्जाला विरोध करणं तिथल्या प्रतिनिधींवर बंधनकारक केलं. हप्ते पुढे ढकलायची वाटही बंद. परकीय चलनच नाही तर छापण्याखेरीज काय उरतं?

हिशेबनीस
क्रम उलटा लावताय. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हप्ते फेब्रुवारी २००१ पासूनच थकलेले होते, कायदा त्यानंतरचा. उलट २००६ मध्ये हीच थकबाकी फेडायला बँकेने नोटा छापून बाजारातून डॉलर घेतले.

माळरान
तंबाखूच्या आकड्याबद्दल: मधल्या आठ वर्षांत उत्पादन का कोसळलं? वाटलेल्या जमिनीची मालकी दिली नाही, फक्त 'ऑफर लेटर' दिलं, आणि ते मंत्री मागे घेऊ शकतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव नसेल तर सोसायटी पीककर्ज देत नाही, तसंच तिथल्या बँकांनी हे पत्र तारण म्हणून धरलं नाही. पुढे तंबाखू सावरला तो खरेदीदार कंपन्यांनी करारावर बियाणं-खत दिलं म्हणून. मक्याला असा सावकार मिळाला नाही. पक्की मालकी मिळाली असती तर शेतकऱ्याला पक्षाची गरज उरली नसती, आणि मला वाटतं तेच नको होतं. न्यायाधीश आणि सेनाधिकाऱ्यांची शेतंही अशाच कागदावर.

गलबत
तुम्ही सगळे एकट्या मुगाबेंबद्दल बोलताय. २००८ ची अध्यक्षपदाची निवडणूक आठवा. दक्षिण आफ्रिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थाबो एम्बेकींच्या मध्यस्थीतून झालेल्या बदलांमुळे प्रत्येक मतदान केंद्राबाहेर निकालाचा व्ही-११ फॉर्म चिकटवावा लागला. विरोधकांनी त्यांचे फोटो काढून स्वतःच बेरीज केली. त्यामुळे मधेच आकडे बदलणं अवघड झालं आणि अध्यक्षपदाचा निकाल महिनाभर अडवून ठेवला. २ मे रोजी जाहीर केला तो विरोधी नेते मॉर्गन त्स्वांगिराई ४७.९, मुगाबे ४३.२ टक्के. पन्नास टक्के कुणालाच नाहीत म्हणून दुसरी फेरी. मधल्या काळात खेड्यापाड्यांत मारहाण आणि खून इतके झाले की त्स्वांगिराईंनी माघार घेतली. ती मोहीम सेनाप्रमुख आणि गुप्तचर प्रमुखांच्या 'जॉइंट ऑपरेशन्स कमांड'ने चालवली. १९८३ नंतर देशाच्या माटाबेलेलँड भागात लष्कराने केलेल्या कत्तलींचा हिशेब द्यावा लागेल ही भीती त्यांनाही होती. म्हातारा जाऊ म्हणाला असता तरी यांनी जाऊ दिलं नसतं.

तिकोना
हे पटतं, आणि त्यामुळेच 'एक म्हातारा चिकटून बसला' हे मांडणं मला अपुरं वाटतं.

माळरान
पण वारस न ठरवणं हे मुगाबेंचंच काम होतं. २०१३ च्या घटनेत दोन मुदतींची मर्यादा आली आणि त्यात आधीच्या मुदती मोजल्या जात नव्हत्या. ८९ व्या वर्षी पाटी कोरी. २०१४ मध्ये उपाध्यक्ष जॉइस मुजुरूंना काढलं, २०१७ मध्ये एमर्सन म्नांगाग्वांना, मग लष्कर आलं.

गलबत
आणि मुगाबेंनंतर अध्यक्ष झालेल्या म्नांगाग्वांचं? जन्म १९४२, दुसरी मुदत २०२८ पर्यंत. ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलावायोच्या अधिवेशनात पक्षाने त्यांना २०३० पर्यंत ठेवायचा ठराव केला. त्याच २०१३ च्या घटनेचं कलम ३२८ म्हणतं की मुदत वाढवणाऱ्या दुरुस्तीचा लाभ पदावर असलेल्या माणसाला मिळणार नाही, आणि हे कलम बदलायचं तर सार्वमत लागेल. माळरान, व्यक्तीच मुख्य कारण असेल तर व्यक्ती गेल्यावरही तीच मागणी कशी आली, याचं उत्तर द्या.