तोंडाला पडणारी कोरड : तुम्हाला कशाने आराम पडला?

ओंजळ

काल जुना फोन रिकामा करत बसले होते. त्यात नऊ वर्षांपूर्वीचं एक रेकॉर्डिंग निघालं. मी लेकीला झोपवताना गोष्ट सांगतेय. गोष्ट राहिली बाजूला, मला फक्त मध्येमध्ये येणारा आवाज ऐकू येत राहिला. टक्. टक्. जीभ टाळूला चिकटायची आणि सुटताना वाजायची, तो. आणि गोष्टीच्या मध्येच लेक म्हणते, "आई, तू आधी पाणी पी ना." चार वर्षांची होती. घरात सगळ्यात आधी तिच्या लक्षात आलं होतं, आणि हे मला काल कळलं. बराच वेळ फोन हातात धरून बसले.

त्यानंतर दोन वर्षं मी ऐकत होते की ताण घेऊ नका, पाणी कमी पडतंय, वयाचं आहे (तेव्हा वय ३८). पाण्याची बाटली हातातून सुटत नव्हती. कोरडं बिस्किट तोंडात टाकलं की त्याचा भुगा व्हायचा आणि तो तसाच बसून राहायचा, गिळवायचा नाही. जन्मात कधी दात किडला नव्हता, आणि एका वर्षात पाच दात किडले, तेही हिरडीच्या कडेला. शेवटी दातांच्या डॉक्टरीण बाईंनीच विचारलं, डोळ्यांतही खडे गेल्यासारखं होतं का? होत होतं! त्यांनीच संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डोळ्यात कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं, ती जेमतेम २ मिलिमीटर भिजली (५ किंवा त्याहून कमी म्हणजे डोळे कोरडे). मग रक्ततपासणी, मग खालच्या ओठातला छोटा तुकडा काढून तपासला. शोग्रेन. शरीराची राखण करणाऱ्या पेशी स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उठतात, तो आजार. नाव ऐकून मी रडले, पण ते सुटकेचं रडणं होतं. माझ्या मनाचे खेळ नव्हते तर.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट उलटी वाटेल: पाणी ढोसणं बंद केलं. लाळ म्हणजे नुसतं पाणी नाही, तिच्यात बुळबुळीत असं काहीतरी असतं आणि त्याचा पातळ थर तोंडाला धरून राहतो. मी दर दोन मिनिटांनी पाणी पिऊन तो उरलासुरला थर धुऊन टाकत होते, आणि रात्री चारदा उठत होते ते वेगळंच. आता छोटा घोट, तोंडात फिरवायचा, थोडा वेळ धरायचा, मग गिळायचा. झोपताना कोरड्या तोंडाचं जेल वाटाण्याएवढं जिभेवर आणि गालांच्या आतून. दिवसा लाळ सुटावी म्हणून पायलोकार्पिनची गोळी, ५ मिलिग्रॅम. पहिली गोळी घेतल्यावर तासाभरात जिभेखाली ओल आली. मी आरशासमोर जाऊन जीभ उचलून पाहिलं, खरंच चमकत होतं.

आजार कुठलाही असो, कोरड असेल तर लिहा. काय चाललं, काय नाही.

अबोली१२

ते टक् वाचलं आणि आईच आठवली. शेवटची दोन वर्षं तिचं बोलणं असंच होतं. आम्हाला वाटायचं कवळीचा आवाज. कुणीच विचारलं नाही ग तिला.

चौथा_प्रहर

माझी कोरड वेगळ्या वाटेने आली. घशाचा कॅन्सर, किरणांच्या ३३ बैठका. तिसऱ्या आठवड्यापासून लाळ आधी दोरीसारखी चिकट झाली आणि मग गेलीच. चव गेली. ती हळूहळू बरीचशी परत आली, लाळ तेवढी आली नाही.

एक गोष्ट पोटतिडकीने सांगतो, घरात कुणाला डोक्या-मानेला किरणं द्यायची असतील तर लक्षात ठेवा. सुरू होण्याआधी दात दाखवून घ्या. काढण्यासारखे दात आधीच काढतात. किरणं घेतलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड भरून न येता सडू शकतं. मला हे आधी सांगणारा माणूस भेटला, माझ्या शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना नाही भेटला. त्यांचे हाल मी पाहिलेत.

दुसरं म्हणजे कानापुढच्या लाळग्रंथी वाचवून किरणं देता येतील का, हे विचारा. आयएमआरटी म्हणतात त्या पद्धतीला. माझी उजवीकडची ग्रंथी बरीचशी वाचली, म्हणून आज मी बिनसाखरेचं च्युइंगम चघळलं की उजव्या बाजूला तरी पाझर फुटतो. डावीकडे काही नाही.

जेवणाचं: सगळं ओलं. रस्सा, सूप, दह्यात कालवलेलं. घासाला ओलावा बाहेरून द्यायचा, तोंडाकडून मागायचा नाही. बाकी रात्रीचं नंतर लिहितो, बस आली.

टॉमीची_आई

च्युइंगमवरून आठवलं, घरात कुत्रा असेल तर कृपा करून वाचा!! बिनसाखरेच्या गमात आणि गोळ्यांत बऱ्याचदा गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं. माणसाच्या दातांना चांगलं, पण कुत्र्यांना विष. त्यांची साखर झपाट्याने उतरते, यकृतही निकामी होऊ शकतं. माझी पर्स उघडी राहिली आणि टॉमीने अख्खं पाकीट फस्त केलं. अर्ध्या तासात लटपटायला लागला. लगेच उचलून नेलं, दोन दिवस ग्लुकोजवर होता. वाचला. आता माझ्या सगळ्या गोळ्या वरच्या कपाटात, झाकणाच्या डब्यात.

अबोली१२

बापरे. आता कसा आहे टॉमी?

टॉमीची_आई

ठणठणीत. आत्ता माझ्या पायावर डोकं ठेवून घोरतोय.

दंतकथा

दातांची डॉक्टर आहे, दोन पेशंटच्या मध्ये लिहितेय, विस्कळीत होईल.

लिंबाच्या आंबट गोळ्या चघळू नका. लाळ सुटते हे खरं, पण आंबट वस्तू दात झिजवते. तोंडातला पीएच (तो जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळायला लागतं. निरोगी माणसाची लाळ ते आम्ल निववते आणि कॅल्शियम-फॉस्फेट परत दाताला देते. तुमच्याकडे ती यंत्रणाच तुटपुंजी आहे, म्हणून दुसऱ्यांना चालतं ते तुम्हाला चालत नाही. ओंजळताई, तुमची कीड हिरडीच्या कडेला होती ना, कोरड्या तोंडाची ती खूणच.

साध्या टूथपेस्टमध्ये १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइड असतं, कोरड्या तोंडासाठी ५००० वाली मिळते, डॉक्टरांनी लिहून द्यावी लागते. घासून झाल्यावर फक्त थुंका, खळखळून चूळ भरू नका, ते फ्लोराइड राहू द्या दातांवर. फेस करणारं एसएलएस नसलेली पेस्ट घ्या, तोंड झोंबत असेल तर फरक पडतो. अल्कोहोलवाला माउथवॉश आज फेकून द्या.

आणि जीभ लालभडक, गुळगुळीत, आग होतेय, ओठांचे कोपरे चिरलेत, तर ती नुसती कोरड नाही. बुरशी असते बऱ्याचदा. औषधाने बरी होते. महिनोन्‌महिने लोक कोरड समजून सोसत बसतात, फार वाईट वाटतं बघून. फक्त रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर ते आधी सांगा, बुरशीच्या मायकोनॅझोल जेलने तिचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो.

आले आले पेशंट

निवांत

वडिलांचं लिहितो. वय ७९. त्यांना आजार असा कुठला निघाला नाही, औषधंच निघाली. लघवी थांबत नाही म्हणून एक गोळी, शिंकांसाठी एक, झोप येत नाही म्हणून अ‍ॅमिट्रिप्टिलिन. तिन्ही वेगवेगळ्या डॉक्टरांच्या, आणि तिन्ही तोंड कोरडं करणाऱ्या. मी एक दिवस सगळ्या पिशवीत भरून फॅमिली डॉक्टरांच्या टेबलावर ओतल्या. त्यांनी एक बंद केली, एक बदलली, एक कमी केली. तीन आठवड्यांत बाबा जेवताना गप्पा मारायला लागले. आम्हाला वाटायचं म्हातारपणामुळे अबोल झालेत. जीभच हलत नव्हती हो त्यांची.

मनाने बंद करू नका काही, विचारूनच.

अजून एक. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी असते ना, ती त्यांच्या कोरड्या तोंडात विरघळलीच नव्हती एकदा. दहा मिनिटांनी तशीच्या तशी होती. ती रात्र नको आठवायला. आता गोळीआधी पाण्याचा घोट घेऊन तोंड ओलं करतात, आणि डॉक्टरांनी स्प्रेही दिलाय.

ओंजळ

निवांत, हे वाचून अंगावर काटा आला. बाबांना नमस्कार सांगा.

दंतकथा, थुंका पण चूळ भरू नका हे मला कुणी इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. आज रात्रीपासून.

कवडसा

पायलोकार्पिनने घाम येतो का सगळ्यांना? मला तर आंघोळ केल्यासारखं होतं.

ओंजळ

येतो ग. कपाळावर, मानेवर. लघवीलाही जास्त जावं लागतं. मला डॉक्टरांनी आधी दिवसातून एकच दिली, मग हळूहळू वाढवत नेली, तेव्हा सोसलं.

कवडसा

मग मीही विचारते. नाहीतर सोडूनच देणार होते.

माळरान

दम्यामुळे मला ती गोळी देत नाहीत. डोळ्यांच्या काचबिंदूच्या एका प्रकारातही देत नाहीत म्हणे. त्यामुळे मी जेल, स्प्रे आणि हिरडीला चिकटवायच्या गोळ्यांवर आहे. ती गोळी रात्री गालाच्या आत वर चिकटवून झोपायचं, हळूहळू विरघळत राहते. पहिल्यांदा सलग पाच तास झोपले तेव्हा सकाळी उठून नवऱ्याला हलवून जागं केलं आणि सांगितलं. तो बिचारा घाबरला, काय झालं म्हणून.

चौथा_प्रहर

रात्रीचं राहिलं होतं. झोपेत लाळ सगळ्यांचीच जवळजवळ थांबते, आपली तर आधीच नाही. खोलीत हवेला ओल देणारं यंत्र लावा, रोज धुवायचं मात्र, नाहीतर त्यात बुरशी धरते. नाक चोंदलं असेल तर त्याचा इलाज आधी. तोंड उघडं ठेवून झोपलो तर सगळं जेल वाया. घोरण्यासाठी मास्क लावत असाल तर त्याला गरम पाण्याचं भांडं जोडता येतं, ते जोडा. आणि उशाशी छोटा स्प्रे. अंधारात हाताला लागेल असाच ठेवायचा, दिवा लावला की झोप उडते.

सायसाखर

सासूबाईंची कवळी सारखी निसटायची. तीनदा नवीन केली, प्रत्येक वेळी वाटायचं माप चुकलं. खरं तर लाळेच्या पातळ थरावरच ती चिकटून बसते म्हणे, आणि त्यांना तीच नाही. आता बसवण्याआधी कवळी आतून ओली करतात, जेल लावतात. चारचौघांत जेवायच्या बंद झाल्या होत्या, परवा माझ्या भावाकडे जेवल्या. मशीन थांबलं, कपडे काढते.

पहिलीवहिली

विषय थोडा सोडून विचारू का. मला शोग्रेन आहे, कोरड फार नाही अजून, पण रक्तात अँटी-रो (या आजारात सापडणारी एक अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आहे आणि आम्ही बाळाचा विचार करतोय. कुठेतरी वाचलं बाळाच्या हृदयाला धोका असतो. झोप लागत नाहीये.

माळरान

माझी धाकटी अँटी-रो घेऊनच झाली ग. भीती खरी आहे पण ऐक, पहिल्या बाळात शंभरात साधारण दोघांनाच तो हार्ट ब्लॉक (हृदयाचे ठोके मंदावणं) होतो. आधीच संधिवाताच्या आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांना दोघांनाही सांगून ठेव. मला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू ठेवली होती आणि सोळाव्या आठवड्यानंतर बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी सारखी करत होते. प्रत्येक वेळी जीव मुठीत. आता सहा वर्षांची आहे, आत्ता माझ्या मागे उभी राहून विचारतेय काय लिहितेस.

पहिलीवहिली

ताई 🙏 तिला माझ्याकडून एक पापी.

कवडसा

मला महिनाभर डाव्या कानाखाली गाठीसारखं सुजलंय, दुखत नाही. हे कोरडेचंच ना? येतं जातं असं आधी व्हायचं.

ओंजळ

कवडसा, येऊन जाणारी सूज मलाही होते. पण महिनाभर राहिलेली, न दुखणारी, ही दाखव. शोग्रेनमध्ये लिम्फोमाचा (एक प्रकारचा कॅन्सर) धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून टिकून राहिलेली सूज सोडायची नाही असं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बहुतेक वेळा तसं काही नसतं, माझंही नव्हतं. तरी उद्याच जा. कुणी सोबत आहे का?

कवडसा

बहीण येईल. सकाळी फोन करते दवाखान्यात.

अबोली१२

कवडसा, जाऊन आलीस की इथे दोन शब्द टाक. वाट बघते.

ओंजळ, ते रेकॉर्डिंग पुसू नकोस. दोन ठिकाणी ठेव. माझ्याकडे आईचा आवाज एकाही फोनमध्ये नाही.

ओंजळ

नाही पुसणार. काल रात्रीच लेकीला ऐकवलं. तेरा वर्षांची आहे आता, तिला काही आठवत नव्हतं. पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, शेवट कुठाय गोष्टीचा? रेकॉर्डिंग मध्येच संपतं, मी बहुतेक पाणी प्यायला उठले असणार. मग शेवट सांगितला तिला, सलग.

माळरान

जेल कुणी फ्रिजमध्ये ठेवतं का? चालतं?

चौथा_प्रहर

मी ठेवतो. गार लागतं, आग होत असेल तेव्हा बरं वाटतं.