क्राऊन बदलला म्हणून पिकअपचा ट्रॅक्टर होतोय काय?

तवंदी_खालचा:
परवा एकानं फोटो टाकला. पिकअपच्या मागं मिक्सरची ट्रॉली, आणि वर लिहिलंय, 'मागचा क्राऊन-पिनियन बदलून घेतला, आता तवंदी घाट तिसऱ्यात चढतोय, ट्रॅक्टर विका आणि हे करा.' खाली अंगठ्यांचा ढीग आणि 'किती खर्च आला दादा' विचारणाऱ्यांची रांग. मी गप्प बसणार होतो, खरं आता आमच्या गल्लीतली पोरंपण तेच विचारत आल्यात, म्हणून लिहितोय.

हिशोब बघा. इंजिनाकडनं येणारा छोटा दातेरी गिअर म्हणजे पिनियन, तो मागच्या एक्सलमधल्या मोठ्या क्राऊनला फिरवतो आणि क्राऊन चाकाला. समजा जुन्या जोडीत क्राऊनला ४१ दात, पिनियनला १०. म्हणजे ४.१, पिनियन ४.१ वेळा फिरला की चाक एकदा. त्याजागी ४१ ला ९ ची जोडी बसवली की ४.५५. चाकावरची ओढ वाढली ११ टक्के. अकराच. दीडपट नाही, दुप्पट तर नाहीच. आणि तीपण फुकट नाही. टायरचा घेर २.२ मीटर धरा, ८० च्या वेगाला चौथ्यात इंजिन २४८० च्या आसपास फिरत होतं, ते आता २७६० फिरणार. मोकळी गाडी घेऊन पुण्याला निघालात की दिवसभर ते बोंबलणं ऐकायचं आणि वर डिझेल घालायचं.

खरं माझं दुखणं ते नाही. माझं दुकान घाटाच्या पायथ्याला, निपाणीच्या अंगाला. चढताना अडकलेला माणूस शिव्या देत माझ्याकडं येतो. उतरताना ब्रेक गेलेला येत नाही, त्याच्याकडं आम्हाला जावं लागतं. क्राऊन बदलला, बरं. हाऊसिंग (एक्सलचं कवच) तेच, बेअरिंग तेच, पाटे तेच, ब्रेकचे ड्रम तेच, आरसीवरचं (नोंदणीच्या कागदावरचं) वजन तेच. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही. गेल्या पावसाळ्यात अशीच एक गाडी खाली आली, मागच्या दोन्ही ड्रममधनं धूर. ब्रेकचा लायनर काढला तर वरनं काळा चकचकीत, नखानं खरवडला तरी भुकटी पडेना. ड्रायव्हर म्हणतोय, 'मामा, चढताना एक नंबर चढली.'

सेंट्रिंगवाला_वडगाव:
फोटो माझाच. पायथ्याला दुकान टाकून बसणाऱ्यांनी आमच्या धंद्याचं गणित सांगू नये.

माझं काम जांबोटीच्या अंगाला चालतंय. काँक्रीट कालवायचा चाकांवरचा हॉपर मिक्सर मागं, पिकअपच्या डब्यात सेंट्रिंगच्या प्लेटा आणि माणसं. खडीच्या कच्च्या चढावर गाडी थांबली की परत उठवताना कलच जळायचा. वास येऊन माणसं खाली उतरायची. कलच प्लेटा किती घातल्या ते माझं मला माहीत. क्राऊन बदलल्यावर तो प्रकार बंद. तुम्हाला ११ टक्के कमी वाटत्यात, कलचला विचारा. पुण्याला मी जातोय कशाला? माझा पुणे म्हणजे खानापूर.

आणि उताराचं म्हणाल तर जोडी बदलल्यावर रेसवरनं पाय काढला की इंजिन गाडीला जास्त धरतंय. घाटात दुकान हाय तुमचं, एवढं माहीत नाही?

तवंदी_खालचा:
माहीत हाय. धरतंय, तेच ११ टक्के. कबूल, लिहून ठेवा आणि फ्रेम करा. खरं इंजिन धरतंय ते फक्त गाडीच्या मागच्या दोन चाकांना. मिक्सर ढकलायचा तो ढकलतोच. ओल्या वळणावर मागचं चाक धरलेलं आणि ट्रॉली ढकलतेय, की ट्रॉली आडवी. मग फ्रेममधला फोटो बघत बसायचं.

उद्यमबाग_लेथ:
दोघंबी ४.१ आणि ४.५५ घेऊन बसलासा. सेटिंगचं कोण बोलणार?

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीनं घासून निघतात. ह्याचा क्राऊन त्याचा पिनियन असला उद्योग चालत नाही. बसवताना दाताला निळा रंग लावायचा, हातानं फिरवायचा, छाप कुठं पडते बघायची. छाप दाताच्या टोकाला गेली की सगळं उघडा, पिनियनचा शिम (पातळ चकती) बदला, परत बसवा, परत रंग. डायल लावून दातातला प्ले (मोकळीक) बघायचा, साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटर. हे करायला अख्खा दिवस जातो. आणि इथले बहाद्दर काय करतात? बोटानं हलवून 'बसतंय की' म्हणतात आणि ९० नंबर ऑइल ओतून हाऊसिंग बंद. चार दिवसांनी घूँऽऽ आवाज सुरू, मग म्हणायचं बेअरिंग खराब आलं.

पहिले ५०० किलोमीटर मोकळी चालवायची, मग ऑइल बदलायचं, मग वजन. कोण करतंय? सेट करून निघाला की थेट मिक्सर जोडतोय.

अजून एक. ९ दाती पिनियन १० दातीपेक्षा बारीक असतो. ओढ वाढली म्हणता, ती त्याच बारक्या दातावरनं आणि त्याच शाफ्टवरनं जाते. जिथं चाकाचं वजनपण शाफ्टच घेतोय, त्या एक्सलला शाफ्ट तुटला की चाक गाडीच्या पुढं पळतंय. ज्याला फुल फ्लोटिंग म्हणतात त्यात वजन हाऊसिंगवर असतं, शाफ्ट फक्त फिरवतो. आधी तुमच्या गाडीला कुठला हाय ते बघा.

भंगारातनं उचललेला क्राऊन असेल तर वरचं सगळं सोडाच. कोल्हापूरच्या बाजारातनं पोत्यात घालून आणलेले मी बघितल्यात.

शिरोली_नटबोल्ट:
कोल्हापूर कशाला मध्ये आणलं राव? पोत्यातनं नेणारं कोण? बेळगावचंच गिऱ्हाईक. निम्मं बेळगाव आमच्याकडं मागचा गोळा (क्राऊन-पिनियनचं हाऊसिंग) घेऊन येतंय, कारण तिकडं दुकानदार 'उद्या या' म्हणतो.

उद्यमबाग_लेथ:
बेळगावच्या उद्यमबागेतनं किती जॉब कोल्हापूरला जातात, एकदा चलन बघा. फौंड्री काय तुमचीच हाय काय फक्त?

केए२३_चिक्कोडी:
कोल्हापूरचं सांगू नका ओ. गाडीवर केए बघितलं की मजुरीचा भाव बदलतोय. मी समोर उभा राहून ऐकलंय, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर पासिंगवाल्याला एक आकडा, मला दुसरा. आणि वर विचारतोय, 'मराठी चांगलं बोलता की!' माझी आजी कागलची हाय रे बाबा.

शिरोली_नटबोल्ट:
आणि आम्ही बेळगावात आलो की? डिसेंबर २०२२ विसरला? सीमावादात हिरेबागेवाडीच्या टोलजवळ आमच्या पासिंगच्या ट्रकवर दगडं पडली. माझ्या मेव्हण्याची गाडी तेव्हा धारवाडला अडकली होती, तिथंच झोपला बिचारा.

केए२३_चिक्कोडी:
ती दगडं मी मारली काय? इकडं मराठी बोललो म्हणून ऐकून घ्यायचं, तिकडं केए नंबर म्हणून ऐकून घ्यायचं. कोगनोळीचा टोल मात्र दोन्हीकडनं भरायचा.

खानापूरकर_जुना:
मग तुमच्या गावच्या निम्म्या गाड्या एमएच-०९ कशा ओ? पत्ता मामाचा, गाडी भाच्याची. टॅक्स वाचवायचा तिकडं आणि रस्त्यातल्या खड्ड्यावर बोंबलायचं इकडं.

केए२३_चिक्कोडी:
मामाचीच गाडी हाय ती. मी फक्त चालवतोय.

खानापूरकर_जुना:
सगळे मामा लई दिलदार बघा कागलचे.

विमावाली_ताई:
भाच्यांनो, बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली की नवीन नोंदणी करावी लागते, मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४७. मामा दिलदार असले तरी.

आता मूळ विषय. कलम ५२ प्रमाणं आरसीवर कंपनीनं दिलेला जो तपशील आहे, त्याच्याशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हे परत स्पष्ट केलंय. क्राऊनला किती दात हा आरसीवरचा रकाना नाही, तेव्हा तेवढ्यासाठी तुम्हाला कोणी धरणार नाही. खरं ट्रॉली हे कायद्यानं स्वतंत्र वाहन आहे. तिला स्वतःचा नंबर लागतो, स्वतःचा विमा लागतो. पिकअपचे कागद दाखवून मागच्या मिक्सरचं भागत नाही. माझ्या एका गिऱ्हाईकाचा दावा ह्याच कारणानं अडकला. गाडीचा विमा चालू, परवाना चालू, आणि मागं बिननंबरी ट्रॉली. समोरच्या माणसाचा पाय मोडला होता. कंपनीनं हात वर केले, हा अजून कोर्टात चकरा मारतोय.

वडगावच्या दादा, तुमच्या फोटोत ट्रॉलीचा मागचा भाग दिसतोय. नंबर दिसत नाही.

सेंट्रिंगवाला_वडगाव:
ताई, बेळगाव जिल्ह्यात उसाच्या किती ट्रॉल्यांना नंबर असतोय ते सांगा. हंगामात रात्री दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्हीकडनं लोंबतोय. तिथं कोण कलम काढत नाही. सेंट्रिंगवाला मात्र दिसतो सगळ्यांना.

तवंदी_खालचा:
हे मात्र खरं बोलला. उसाच्या ट्रॉलीवर मागनं आपटलेल्या मोटारसायकली मीच उचलून आणतोय. वेगळा विषय हाय, खरं बोलला.

खानापूरकर_जुना:
माझं थोडक्यात. चोर्ल्याच्या रस्त्यावर मी फोर बाय फोर (चारी चाकं ओढणारी) कॅम्पर चालवतो. कोणी हुशारीनं फक्त मागचा क्राऊन बदलायला जाऊ नका. पुढचा आणि मागचा एकाच मापाचा पाहिजे, नाहीतर फोर लावल्यावर पुढचं-मागचं एकमेकाला ओढतंय आणि मधला गिअरबॉक्स फुटतोय. आणि ज्यांनी रुबाबाला मोठे टायर घातल्यात त्यांनी आधी मूळ मापाचे घाला. टायर मोठा झाला की ओढ कमी होते. निम्म्यांचं दुखणं तिथंच हाय. जुन्या गाडीत वेगाचा काटा गिअरबॉक्सवरनं चालतो, तिथं क्राऊन बदलला की काटापण जास्त दाखवणार. ८० दाखवतोय तेव्हा गाडी ७२ वर असते.

सेंट्रिंगवाला_वडगाव:
म्हणून माझी गाडी फास्ट झाल्यासारखी वाटत होती काय! बरं, वेग कमी झाला, माझी बायको खूश.

खरं मुद्दा सोडणार नाही. ज्याचं काम कच्च्या चढाचं हाय, वेग ४०-५० च्या वर जात नाही, त्यानं जोडी बदलावी. कलच वाचतो. हायवेवाल्यानं बदलू नये. हे मी फोटोखाली लिहिलं नव्हतं, फोटोखाली कोण निबंध लिहितोय?

तवंदी_खालचा:
'ट्रॅक्टर विका' एवढं मात्र लिहायला जागा होती.

सेंट्रिंगवाला_वडगाव:
बरं बाबा, काढतो ती ओळ. ट्रॅक्टर माझापण विकलेला नाही, शेतात हाय. आता भाषण पुरे. मिक्सरला ब्रेक बसतोय काय ते सांगा.

उद्यमबाग_लेथ:
बसतोय की. जोडाच्या दांड्यात सरकता नळा घालायचा. गाडीनं ब्रेक मारला की मिक्सर पुढं ढकलतोय, नळा आत सरकतोय, त्याच ढकलण्यानं तारेतनं मिक्सरचा ब्रेक ओढला जातोय. गाडीला काय जोडायला लागत नाही. खरं मिक्सरच्या चाकाला आधी ड्रम पाहिजे, म्हणजे एक्सल बदलावा लागेल. आणि मागं घेताना ब्रेक लागू नये म्हणून अडवायची खीळ पाहिजे, ती विसरला की रिव्हर्समध्ये हलणार नाही.

वजन कुठं पडतंय तेपण बघतो. मिक्सरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी हुकावर यायला पाहिजे, नाहीतर मिक्सर मागं शेपटी हलवत येतोय. तुझ्या फोटोत हुक वर उचलल्यासारखा दिसतोय मला.

शिरोली_नटबोल्ट:
असला एक्सल आमच्याकडं तयार मिळतोय. नंबर पाठवू?

उद्यमबाग_लेथ:
पोत्यात घालून पाठवणार काय?

वडगाववाल्या, हुकाची उंची आणि मिक्सरच्या दांड्याची लांबी टेपनं मोजून आण. मोकळ्या मिक्सरचं वजनपण काट्यावर करून आण, अंदाजानं नको. रविवारी बंद असतंय.