अकरावीत कॉलेजचे विषय : एपी घ्यावे की ड्युअल एनरोलमेंट?

प्रश्न

माझी मुलगी अमेरिकेतील सार्वजनिक हायस्कूलमध्ये दहावीत असून पुढील वर्षी तिला रसायनशास्त्र आणि कॅल्क्युलस हे विषय महाविद्यालयीन पातळीवर शिकायचे आहेत. शाळेत दोन्हींचे एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे महाविद्यालयीन पातळीचे) वर्ग आहेत, तर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात ड्युअल एनरोलमेंटची, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे विषय घेण्याची, सोय असून तेथे शुल्क भरावे लागणार नाही. तिला पुढे डॉक्टर व्हायचे आहे. आम्हा दोघांचेही शिक्षण भारतात झाल्यामुळे या दोन वाटांतील फरक उमगत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मुख्य फरक गुण कोठे नोंदले जातात, हा आहे. एपीमध्ये वर्षभराची श्रेणी शाळेच्या ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) येते आणि मे महिन्यातील परीक्षेचा १ ते ५ मधील गुण वेगळा राहतो. तो मनासारखा नसल्यास बहुतेक विद्यापीठांना अर्जासोबत कळवण्याची सक्ती नसते. ड्युअल एनरोलमेंटमध्ये मात्र वयाच्या सोळाव्या वर्षी मिळालेली श्रेणी कॉलेजच्या कायमच्या ट्रान्स्क्रिप्टवर जाते. मेडिकल स्कूलचे बहुतेक अर्ज ज्या एएमसीएएस या केंद्रीय अर्जसेवेमार्फत जातात, तेथे हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेजचे विषयही दाखवावे लागतात आणि त्यांच्या श्रेणी जीपीएत (श्रेणींच्या सरासरीत) धरल्या जातात, ही गोष्ट पालकांना सहसा फार उशिरा कळते. म्हणून रसायनशास्त्र एपीमधूनच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. काही मेडिकल स्कूल एपीचे क्रेडिट (कॉलेजच्या पदवीत मोजले जाणारे श्रेयांक) प्रवेशाच्या पूर्वअटीसाठी स्वीकारत नाहीत, त्यामुळे कॉलेजात रसायनशास्त्र पुन्हा, किंवा त्यावरच्या पातळीचे, घ्यावे लागू शकते. पण पाया पक्का झालेला असल्याने ते वर्ष वाया गेले असे होत नाही.

क्रेडिटविषयी सरसकट नियम नाही. बरीच सरकारी विद्यापीठे ३ गुणांवर क्रेडिट देतात, निवडक विद्यापीठे ४ किंवा ५ मागतात आणि कॅलटेक तर एपीचे क्रेडिट देतच नाही.

प्रतिसाद २

वरील मत पटते, तरी ड्युअल एनरोलमेंटला सरसकट बाद करू नये. आपल्याच राज्यातील सरकारी विद्यापीठात जायचे ठरलेले असल्यास ते क्रेडिट बहुधा सहज वळते. फ्लोरिडात तर सरकारी कॉलेजांच्या विषयांना राज्यभर समान क्रमांक आहेत. अनेक खासगी विद्यापीठे मात्र हायस्कूलच्या पदवीसाठी मोजलेला विषय पुन्हा मोजत नाहीत. माझ्या मुलाने अकरावीत हौसेने घेतलेल्या मानसशास्त्रात ‘सी’ मिळवला आणि पुढे प्रत्येक अर्जात त्याला ती श्रेणी दाखवावी लागली. वर्ग आवडत नसेल, तर विषय सोडण्याची अंतिम तारीख आधीच विचारून ठेवा.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. रसायनशास्त्र एपीमधूनच घेऊ. कॅल्क्युलससाठी एपीच्या दोन अभ्यासक्रमांपैकी एबी घ्यावे की बीसी?

प्रतिसाद १

प्रीकॅल्क्युलस पक्के असेल, तर बीसी. त्यात एबीचा सर्व भाग असून अनंत श्रेढींसारखे काही विषय अधिक असतात, आणि निकालात एबीचा उपगुण वेगळा मिळतो. परीक्षेची नोंदणी साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी लागते, त्यामुळे काउन्सेलरशी वेळेत बोलून घ्यावे.