ब्रॉयलर कोंबडी उठत नाही. औषधपाणी करावे की कापावी?

ऊसकरी (तासगाव): आमच्या परसातील ब्रॉयलर कोंबडी चार दिवसांपासून एकाच जागी बसून आहे. चोचीशी धरले तर खाते, पण उठून भांड्यापर्यंत जात नाही. परवा रविवारी पाहुणे येणार असल्याने कृपया लवकर सांगावे.

कृष्णाकाठ: वय, वजन, तुऱ्याचा रंग यांपैकी काहीच सांगितलेले नाही. पोटाखाली हात घालून पाहिलेत का?

ऊसकरी: शेजारच्या शेडमधली बॅच गेल्यावर उरलेल्या तीन पक्ष्यांपैकी ही एक आहे. वय अडीच महिने, वजन साडेतीन किलो. तुरा जांभळट झाला आहे, पोट पाणी भरलेल्या पिशवीसारखे डुचमळते आणि ती चोच उघडून धापा टाकते.

माणदेशी: ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जाते आणि तेव्हाच ती कापायची असते. तुम्ही महिनाभर उशीर केलात. आता रविवारीच रस्सा करा.

कृष्णाकाठ: हा सल्ला मला मान्य नाही. शरीर झपाट्याने वाढते, त्या वाढीला लागणारा प्राणवायू पुरवताना हृदय थकते आणि मग यकृतातून पाझरलेले पाणी पोटात साचते. यालाच जलोदर म्हणतात. सुईने पाणी काढले तरी ते पुन्हा भरते. आजारी पक्षी खाऊ नये, हे तर आहेच. काही औषध दिले आहे का?

ऊसकरी: दुकानदाराने दिलेली प्रतिजैविकाची पूड मंगळवारपासून पाण्यातून देत आहे. ते सांगण्यासारखे वाटले नव्हते.

कृष्णाकाठ: तेच आधी सांगायला हवे होते! औषधाचा अंश मांसात उरतो, म्हणून तर शेवटच्या मात्रेनंतर ठराविक दिवस पक्षी कापत नाहीत.

माणदेशी: औषधाचे ठाऊक नव्हते. मग रश्शाचे मी मागे घेतो.

गावरानप्रेमी: परसात ब्रॉयलर ठेवूच नये, गिरिराज ठेवावी. माझ्याकडे वीस आहेत.

कृष्णाकाठ: त्यांनी कोणती जात ठेवावी, हे विचारलेलेच नाही. ऊसकरी, उरलेल्या दोघी वेगळ्या ठेवा, त्यांचे खाद्य मोजून द्या आणि हिला दवाखान्यात दाखवा. वाचण्यासारखी नसेल तर हाल न करता तिला मुक्त करणे हे पशुवैद्यांचे काम आहे. नंतर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

ऊसकरी: उद्या सकाळी नेतो. पाहुण्यांसाठी मटण सांगून ठेवले आहे.