अमेरिकेने ॲन्टेनावाल्यांना वाऱ्यावर सोडलं का?

गवाक्ष : १२ जून २००९ ला अमेरिकेतल्या मोठ्या टीव्ही केंद्रांचं ॲनालॉग (जुन्या पद्धतीचं) प्रक्षेपण बंद झालं, पुढे फक्त डिजिटल. फटका बसला तो केबलशिवाय, ॲन्टेनावर टीव्ही बघणाऱ्यांना. तंत्राबद्दल तक्रार नाही. एका ॲनालॉग वाहिनीला लागणाऱ्या ६ मेगाहर्ट्‌झमध्ये डिजिटलच्या तीन-चार वाहिन्या मावतात. पण त्यामुळे मोकळ्या होणाऱ्या ७०० मेगाहर्ट्‌झच्या लहरींच्या पट्ट्याचा लिलाव सरकारने २००८ मध्येच उरकला, सुमारे १९ अब्ज डॉलर मिळवले. प्रेक्षकाला काय? जुन्या संचावर डिजिटल सिग्नल दाखवणाऱ्या डब्यासाठी ४० डॉलरचं कूपन, घरटी दोन, मुदत ९० दिवस. जानेवारी २००९ मध्ये कूपनांचे पैसे संपले आणि लोक प्रतीक्षायादीत! घर रिकामं करून घ्यायचं आणि भाडेकरूच्या हातात गाठोडं द्यायचं, असला प्रकार.

नाममात्र : असहमत. डब्याची बरीचशी किंमत कूपनात भागत होती आणि जुना संच फेकावा लागत नव्हता. शिवाय सगळा पट्टा कंपन्यांना विकला नाही. २४ मेगाहर्ट्‌झ पोलीस-अग्निशमन यांच्या वायरलेससाठी राखले. ९/११ ला न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या वायरलेसचे काय हाल झाले, ते आठवा. गाठोडं वगैरे ठीक आहे, पण हिशोब पूर्ण मांडा.

तिरपागडा : कूपन डब्याचं होतं, ॲन्टेनाचं नव्हतं. खरी मेख तिथेच आहे. ॲनालॉगमध्ये सिग्नल कमी पडला तर पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी बातम्या ऐकता यायच्या. डिजिटलमध्ये अधलंमधलं काही नाही. सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला की चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो आणि मग काहीच नाही. शिकागोचं ७ क्रमांकाचं आणि फिलाडेल्फियाचं ६ क्रमांकाचं केंद्र त्या दिवशी यूएचएफवरून (जास्त कंप्रतेच्या लहरींवरून) पुन्हा व्हीएचएफवर (कमी कंप्रतेच्या लहरींवर, ज्यांना मोठा ॲन्टेना लागतो) गेलं आणि घरातल्या छोट्या ॲन्टेनावर ते अनेकांना मिळेना. डबा आहे, कूपन वापरलंय, चॅनेल गायब!

नाममात्र : हा नियोजनाचा दोष झाला, धोरणाचा नाही. त्या केंद्रांनी नंतर प्रक्षेपणाची शक्ती वाढवून घेतलीच की.

गवाक्ष : मग नियोजनाचंच बोलू. आधी तारीख होती १७ फेब्रुवारी. ती संसदेने ऐन वेळी जूनवर ढकलली. तरी शेकडो केंद्रं फेब्रुवारीतच बंद झाली, कारण ॲनालॉग आणि डिजिटल अशा दोन-दोन प्रक्षेपकांचं वीजबिल कोण भरणार? आणि कूपनं पहिल्या टप्प्यात केबल असलेल्या घरांनाही खुली होती! ज्याला गरज नाही तोही रांगेत.

आजोळकर : ब्रिटनने हाच बदल २००७ मध्ये व्हाइटहेवन या गावापासून सुरू केला, २०१२ मध्ये उत्तर आयर्लंडला संपवलं. ७५ वर्षांवरच्यांकडे माणूस घरी येऊन डबा जोडून द्यायचा. म्हाताऱ्या माणसाची अडचण पैशांपेक्षा मागच्या वायरींची असते.

नाममात्र : एवढासा ब्रिटन, त्याची तुलना कुणाशी? आणि अमेरिकेने विल्मिंग्टन या एका शहरात सप्टेंबर २००८ मध्ये चाचणी घेतली होती, हवाईने जानेवारीतच बदल केला. अगदी आंधळी उडी नव्हती. केबलवाल्यांना कूपनं दिली, ती मात्र चूक. तेवढं मान्य.

तिरपागडा : वादळात वीज गेली की बॅटरीवर चालणारे हातातले छोटे टीव्ही लोक बाहेर काढत. ते बहुतेक सगळे त्या दिवशी भंगारात गेले. त्यांना डबा लावून तो चालवायचा कशावर?