आईसाठी कोणतं बायबल घ्यावं

ताई, आईंना रोज वाचायला कोणतं बायबल द्यावं असं तुम्ही विचारलंत आणि बहुतेकांनी अ‍ॅपच पुरेसं म्हटलंय. मी म्हणेन, छापील प्रतच घ्या, मोठ्या टायपाची. बायबल सोसायटीचं जुनं भाषांतर मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, ऐकून त्यांना पाठ झालं असेल तर तेच राहू द्या. पाठ असलेल्या ओळी बदलल्या की प्रार्थनेची लय तुटते. सुबोध भाषांतर तुम्ही स्वतःसाठी घ्या. रोमकरांस पत्राचा एकेक अध्याय दोन्हींत वाचलात की पौलाची लांबलचक वाक्यं उलगडत जातात.

अभ्यासाच्या साधनांत पहिला खर्च समासात संदर्भ दिलेल्या प्रतीवर करा. मार्कच्या शुभवर्तमानातलं १:२-३ काढून बघा. यशया संदेष्ट्याचं नाव घेऊन जुन्या करारातली दोन वचनं येतात, पण पहिलं मलाखी या दुसऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथातलं (३:१) आहे; यशया ४०:३ त्यानंतर येतं. समास बघितला नाही तर हे सहज निसटतं. तळटीपाही सोडू नका. मार्क १६:९-२० ही वचनं चौथ्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाहीत. हे कळल्यानं विश्वास डळमळत नाही, उलट आपण जास्त जपून वाचतो. टीकाग्रंथ, म्हणजे वचनांचा अर्थ उलगडून सांगणारी पुस्तकं, नंतर घेतलेत तरी चालतील.

आपल्या सोलापुरात आणखी एक सोय आहे. पूर्व भागात कितीतरी घरांत बोलणं तेलुगू आणि शिक्षण मराठी. घरात किंवा शेजारी कुणी तेलुगू बायबल वाचत असेल, तर अडलेलं वचन त्यांच्याकडून समजून घ्या. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर मिळालं तर तेही ताडून बघा.