गेमचा कन्सोल घेतला म्हणून सेट-टॉप बॉक्स सुटत नसतो

विश्रामबागकर: काल इथं एकानं टाकलं, "एक्सबॉक्स घ्या, केबल त्यातच लावा, सेट-टॉप बॉक्स भंगारात द्या." हे वाचून आमच्या भाच्यानं केबलची गोल पिन एचडीएमआयच्या खाचेत बसवायला अर्धा तास घातला! अहो, २०१३ च्या एक्सबॉक्स वनला मागं एचडीएमआय इन, म्हणजे बाहेरचं चित्र आत घेणारी खाच होती, मान्य, पण त्यात वायर लागते ती बॉक्समधून आलेली. म्हणजे बॉक्स तसाच, महिन्याचं पॅक तसंच, कन्सोल नुसता मधला दलाल. आणि २०२० च्या एक्सबॉक्स सिरीज एक्सला तर ती खाचच नाही. प्लेस्टेशन ४ ला, ५ ला कधीच नव्हती.

कृष्णाकाठ: दलाल काय दलाल! माझ्याकडं एक्सबॉक्स वन एस आहे, त्याला ती खाच आहे. गेम खेळता खेळता एका बटणात मॅच. आईला टीव्हीचं इनपुट बदलायला जमत नाही, रोज साडेसातला हाक मारायची, ते बंद झालं.

विश्रामबागकर: आणि कन्सोल बंद केला की आईची सिरीयल पण बंद, ते नाही सांगितलंत. आमच्याकडं लाईट गेल्यावर नुसत्या बातम्या बघायला तो धूड इन्व्हर्टरवर चालवायचा, दहा मिनिटांत पीं पीं सुरू. शिवाय आपले चॅनेल ५० हर्ट्झचे (सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारे), कन्सोल ६० वर, खालची बातम्यांची पट्टी आचके देत पळते.

कृष्णाकाठ: सेटिंगमध्ये ५० करता येतं साहेब. बघायचे कष्ट घ्या.

कंदीपेढा: युरोपात एक्सबॉक्सला वेगळा ट्यूनर, म्हणजे चॅनेल पकडणारी डबी मिळायची, प्लेस्टेशन ३ ला २००८ पासून प्लेटीव्ही नावाची तशीच डबी होती, पण ते सगळं अँटेनावरचं. साताऱ्यात कुणाच्या छपरावर अँटेना राहिलाय आता? माकडं बसायची तेवढाच उपयोग होता. मुळात केबल ठेवताच कशाला, डिश लावा की.

मिरजेचा तंबोरा: डिश?? जुलैत ढग आले की "सिग्नल नाही". डिशच्या लहरी केयू बँडच्या, त्या पावसात मार खातात, हे साताऱ्यात राहून माहीत नाही व्हय?

कंदीपेढा: अर्धा तास जातो, परत येतो. तुमच्या केबलवाल्याचं काय?

मिरजेचा तंबोरा: आमचा एका फोनवर शिडी घेऊन येतो.

विश्रामबागकर: तुमचा येत असेल! २०१९ च्या पुरानंतर लाईट आली, शेजारची डिश लगेच लागली, आमची केबल पंधरा दिवस मेलेली आणि पठ्ठ्यानं महिन्याचे पैसे पूर्ण घेतले. त्याच वर्षी ट्रायनं (टीव्ही-फोनचे नियम करणारी सरकारी संस्था) "हवे तेच चॅनेल घ्या" म्हणून महिन्याला १३० रुपयांचा जोडणीचा आकार ठरवला, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, ते चॅनेल निवडायच्या आधीच. मी वर्षभर ४० पैसे सुट्टे मागितले.

मिरजेचा तंबोरा: पुरात त्याच्या मशीन पण बुडाल्या असतील की हो, त्याचं नुकसान कुणी भरलं?

विश्रामबागकर: मग मी भरायचं का?

हळदपेठ: कालची पोस्ट माझी. "भंगारात द्या" हे जरा जास्त झालं, खोडतो. बाकीची राहणार. भाच्याला म्हणावं आधी खाच बघ, मग पिन घाल.

कृष्णाकाठ: बरं, बॉक्स लागतो, मानलं. झालं समाधान? आईची सिरीयल चालू आहे, कन्सोलवरच.

मिरजेचा तंबोरा: ते ४० पैशांचं पुढं काय झालं?